डोक्याला मार, सीटी स्कॅन आणि एआय: मशीन मेंदूतलं रक्त कसं ओळखतं, आणि तुमच्या फोनला ते का जमत नाही?

बाईकवरून पडल्यावर डोक्याचा सीटी स्कॅन काढला, फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर आला आणि कुणीतरी तो एआय चॅटबॉटला टाकून विचारलं, "काही सिरियस आहे का?" आजकाल हे सर्रास चालतं. मी भाईंदर पश्चिमेला राई गावात राहतो. इथे जवळपास प्रत्येक घरात एक दुचाकी आणि दोन-तीन स्मार्टफोन आहेत, त्यामुळे हा प्रश्न मलाही बऱ्याचदा विचारला जातो. याचं उत्तर नुसतं 'हो' किंवा 'नाही' देऊन भागत नाही. सीटी स्कॅन वाचणारं एआय खरोखर अस्तित्वात आहे, त्यातलं एक गाजलेलं संशोधन तर आपल्या मुंबईतल्या कंपनीचं आहे. पण ते एआय वेगळं आणि तुमच्या फोनमधला चॅटबॉट वेगळा.

या लेखात आपण पाहणार आहोत:

- डोक्याला मार लागल्यावर आत नेमकं काय होतं
- सीटी स्कॅन म्हणजे 'फोटो' का नाही
- मुंबईच्या क्युअर डॉट एआय कंपनीने काय सिद्ध केलं आणि काय नाही
- सीटी मशीन नसेल तिथे कोणती उपकरणं येत आहेत
- औषधांच्या मोठ्या चाचण्यांनी वेळेबद्दल काय शिकवलं
- स्ट्रोकमध्ये फोनचा खरा उपयोग कोणता
- आणि राईसारख्या ठिकाणाहून निघताना फोनवर काय करायचं

## कवटीच्या आत काय होतं?

हाताला मार लागला की सूज बाहेर येते. डोक्याचं तसं नाही. मोठ्या माणसाची कवटी म्हणजे बंद डबा. त्यात तीनच गोष्टी असतात: मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. आत जास्तीचं रक्त साचलं तर डबा फुगत नाही. आधी थोडं पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं, म्हणून सुरुवातीला माणूस ठीक दिसतो. ती जागा संपली की दाब झपाट्याने वाढतो आणि मेंदू दाबला जातो.

रक्त कुठे साचलं यावरून डॉक्टर वेगवेगळी नावं देतात:

- एक्स्ट्राड्युरल: कवटीचं हाड आणि मेंदूवरचं जाड आवरण यांच्यामध्ये. बऱ्याचदा कानशिलाजवळचं हाड तुटून तिथली रक्तवाहिनी फाटते.
- सबड्युरल: त्या जाड आवरणाच्या आतल्या बाजूला. वयस्कर माणसांत साध्या पडण्यानेही होतो, कधी कधी आठवड्यांनी लक्षात येतो.
- मेंदूच्या आत: माराने होतो, तसाच रक्तदाब वाढून रक्तवाहिनी फुटल्यानेही होतो. रक्तवाहिनी अशी आपोआप फुटली तर तो स्ट्रोकचा एक प्रकार.

यातला एक्स्ट्राड्युरल सगळ्यात फसवा. माणूस पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, उठतो, कपडे झटकतो, "काय नाय झालं" म्हणतो आणि घरी जातो. काही तासांनी डोकं दुखायला लागतं, उलट्या होतात, झोप अनावर होते आणि मग तो उठतच नाही. मधला जो 'बरा' वाटणारा वेळ असतो, त्यातच हॉस्पिटल गाठलं तर ऑपरेशनने माणूस पूर्ण बरा होऊ शकतो. आपल्या वयाच्या मुलांसाठी म्हणूनच हा विषय महत्त्वाचा. "बोलतोय ना, मग बरा आहे" हा निकष इथे चालत नाही.

मार किती गंभीर आहे हे मोजायला जगभर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या स्कॉटलंडमधल्या दोन डॉक्टरांनी ते १९७४ मध्ये मांडलं. डोळे उघडणं, बोलणं आणि हातपाय हलवणं या तिन्हींचे गुण मिळून ३ ते १५ अशी बेरीज येते. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा खाली गंभीर. डॉक्टर एकदाच मोजून थांबत नाहीत, पुन्हा पुन्हा मोजतात, कारण बेरीज घसरतेय का हे जास्त महत्त्वाचं असतं.

## सीटी स्कॅन म्हणजे फोटो नाही, आकड्यांचा तक्ता आहे

माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये झाला. मशीन बनवणारा इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफिल्ड. तो ईएमआय या कंपनीत कामाला होता. १९७९ मध्ये त्याला ॲलन कॉर्मॅकबरोबर नोबेल मिळालं.

सीटीमध्ये एक्स-रे डोक्याभोवती फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी किती किरण अडले याचं गणित होतं. त्यातून प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळतो. या आकड्याला हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात:

- हवा: उणे १०००
- पाणी: ०
- मेंदू: साधारण २५ ते ४०
- ताजं गोठलेलं रक्त: साधारण ५० ते ८०
- हाड: अनेक शेकडे ते हजाराच्या वर

आता गंमत बघा. मेंदू आणि रक्त यांच्यातला फरक जेमतेम २०-३० आकड्यांचा, आणि पूर्ण पट्टी काही हजारांची. सगळे आकडे एकदम पडद्यावर दाखवले तर रक्त आणि मेंदू दोन्ही एकसारखे करडे दिसतील. म्हणून रेडिओलॉजिस्ट 'विंडो' बदलतो. मेंदू बघताना साधारण ० ते ८० एवढेच आकडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरवतो, हाड बघताना वेगळी विंडो लावतो. फोनमध्ये आपण ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलतो तसंच दिसतं, पण इथे खाली मूळ आकडे शाबूत असतात.

हे मूळ आकडे डायकॉम नावाच्या फाइलमध्ये असतात. हॉस्पिटल सीडी किंवा लिंक देतं त्यात हीच फाइल असते. फिल्मवर मात्र बहुतेक वेळा एक-दोन विंडोमधली निवडक चित्रं छापलेली असतात.

### फिल्मचा फोटो पाठवला तर काय हरवतं?

मी हे घरी करून पाहिलं. संशोधनासाठी खुल्या केलेल्या संचातला एक स्कॅन (या संचाबद्दल पुढे सांगतो) लॅपटॉपवर मोफत व्ह्यूअरमध्ये उघडला. कवटीला चिकटलेला रक्ताचा पातळ थर मेंदूच्या विंडोमध्ये हाडासारखाच पांढरा दिसत होता, म्हणजे हाड कुठे संपतं आणि रक्त कुठे सुरू होतं हे कळत नव्हतं. विंडो जरा रुंद केली तसा थर हाडापासून सुटून वेगळा दिसला.

मग त्याच पडद्याचा फोनने फोटो काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला आणि एडिटिंग ॲपमध्ये कॉन्ट्रास्ट खालीवर केला. तो थर पुन्हा वेगळा झालाच नाही. होणारही नव्हता, कारण फोटोत दोन्ही एकाच पांढऱ्या रंगात गेलेले होते. हरवलेला आकडा कुठल्याही फिल्टरने परत येत नाही. वर ट्यूबलाइटची चमक, तिरपा कोन आणि ॲपचं कॉम्प्रेशन आहेच.

दुसरी अडचण संख्येची. डोक्याच्या एका स्कॅनमध्ये अनेक काप असतात, पातळ काप असतील तर शेकड्याच्या वर. लहानसं रक्त त्यातल्या दोन-तीन कापांतच दिसू शकतं. तुम्ही एका फ्रेमचा फोटो टाकला आणि चॅटबॉट म्हणाला "नॉर्मल दिसतंय", तर ते त्या एका फोटोबद्दलचं बोलणं आहे, तुमच्या भावाच्या मेंदूबद्दलचं नाही.

ओळखीच्या डॉक्टरांना घाईत फोटो पाठवणं चूक नाही, ते प्राथमिक अंदाज देऊ शकतात. पण सोबत सीडी किंवा डायकॉम लिंक मागून ठेवा. दुसऱ्या हॉस्पिटलला जायची वेळ आली तर ती असेल तर पुन्हा स्कॅन करायची गरज टळू शकते.

## मुंबईचं संशोधन: ३ लाख स्कॅन वाचलेलं मशीन

क्युअर डॉट एआय ही कंपनी २०१६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०१८ मध्ये तिच्या संशोधकांनी 'द लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात डोक्याच्या सीटीवरचा अभ्यास छापला. पहिलं नाव होतं शशांक चिलमकुर्ती यांचं. या अभ्यासासाठी २०११ ते २०१७ या काळातले, भारतातल्या सुमारे २० केंद्रांमधले ३,१३,३१८ डोक्याचे सीटी स्कॅन आणि त्यांचे रिपोर्ट गोळा केले होते.

मशीन शिकलं कसं? सोप्या भाषेत टप्पे असे:

1. प्रत्येक कापाचे हाउन्सफिल्ड आकडे वेगवेगळ्या विंडोंमधून मशीनला दाखवले: एक मेंदूसाठी, एक हाडासाठी, एक हाडालगतच्या रक्तासाठी. (आता कळलं ना, फोटो का चालत नाही!)
2. न्यूरल नेटवर्कने प्रत्येक कापाला गुण दिले: इथे रक्त असण्याची शक्यता किती.
3. दुसऱ्या पायरीत सगळ्या कापांचे गुण एकत्र करून पूर्ण स्कॅनचा निकाल काढला.

शोधायच्या गोष्टी होत्या रक्तस्राव आणि त्याचे पाच प्रकार, कवटीचं फ्रॅक्चर, मेंदूची मधली रेषा सरकणं आणि मेंदूवरचा दाब.

तपासलं कसं? हा भाग मला सगळ्यात आवडतो. शिकवलेल्या स्कॅनवरच परीक्षा घेतली तर मार्क चांगलेच येणार. म्हणून २१,०९५ स्कॅन बाजूला ठेवले होते. शिवाय नवी दिल्लीच्या वेगळ्या केंद्रांमधून ४९१ स्कॅनचा स्वतंत्र संच घेतला, सीक्यू-५००. तो तीन अनुभवी रेडिओलॉजिस्टनी एकमेकांना न विचारता वाचला आणि बहुमताचा निकाल खरा मानला. पुढे हा संच संशोधनासाठी सगळ्यांना खुला केला. मी घरी उघडून पाहिलेला स्कॅन त्यातलाच.

निकाल काय? रक्तस्राव ओळखण्यात सीक्यू-५०० वर मशीनचा 'एयूसी' ०.९४ आला, कवटीच्या फ्रॅक्चरसाठी ०.९६ आणि मधली रेषा सरकण्यासाठी ०.९७.

इथेच बातम्यांमध्ये गडबड होते. ०.९४ म्हणजे '९४ टक्के अचूक' नाही. त्याचा अर्थ असा: एक रक्तस्रावाचा स्कॅन आणि एक बिनरक्तस्रावाचा स्कॅन अशी जोडी समोर ठेवली, तर १०० पैकी ९४ वेळा मशीन रक्तस्रावाच्या स्कॅनला जास्त गुण देईल. प्रत्यक्षात किती पेशंट सुटतील आणि किती खोट्या घंटा वाजतील, हे सीमारेषा कुठे ठेवता त्यावर ठरतं. सीमारेषा खाली आणली की सुटणारे कमी, खोट्या घंटा जास्त. वर नेली की उलट. आपल्या फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर फार सैल ठेवला तर कुणाच्याही बोटाने उघडतो, फार कडक ठेवला तर आपल्याच ओल्या बोटाला ओळखत नाही. तसंच हे.

मग उपयोग काय? रांग लावणं. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या कंपनीच्या क्यू-ईआर सॉफ्टवेअरला मान्यता दिली, तीही याच कामासाठी: गंभीर वाटणारा स्कॅन यादीत वर आणायचा, म्हणजे रेडिओलॉजिस्ट तो आधी बघेल. रोगनिदान माणसानेच करायचं. रात्री दोन वाजता यादीत तीस स्कॅन पडलेले असतील आणि बघणारा एकच असेल, तर ही मदत छोटी नाही.

पण एक लक्षात घ्या: हे एआय स्कॅन झाल्यानंतर कामाला लागतं. रस्त्यावर पडल्यापासून सीटीच्या टेबलावर पोचेपर्यंतचा वेळ ते एका मिनिटानेही कमी करत नाही.

## सीटी नसेल तिथे काय?

जवळच्या इन्फ्रारेडची हातात धरायची उपकरणं. टीव्हीच्या रिमोटसारखाच न दिसणारा प्रकाश कवटीतून आत सोडतात. साचलेलं रक्त तो जास्त शोषतं. डाव्या आणि उजव्या बाजूचा परत आलेला प्रकाश ताडून पाहिला की कुठल्या बाजूला रक्त साचलंय याचा अंदाज येतो. अमेरिकेतल्या इन्फ्रास्कॅनर या उपकरणाची मर्यादा स्पष्ट आहे: साधारण ३.५ मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त आणि तेही मेंदूच्या पृष्ठभागापासून २.५ सेंटिमीटरच्या आत. खोलवरचं रक्त त्याला दिसत नाही. भारतात आयसीएमआर, भोपाळचं एम्स, बेंगळुरूचं निमहान्स आणि बायोस्कॅन रिसर्च ही कंपनी यांनी मिळून सेरेबो हे असंच उपकरण पुढे आणलं आहे. सीटी नसलेल्या दवाखान्यात किंवा ॲम्ब्युलन्समध्ये 'आधी कुणाला पुढे पाठवायचं' हे ठरवायला ते कामाचं. ते सीटीची जागा घेत नाही.

फोनचा कॅमेरा. डॉक्टर बॅटरी मारून डोळ्याची बाहुली आकसते का हे बघतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्युपिलस्क्रीन नावाचं ॲप दाखवलं. फोनच्या फ्लॅशने डोळ्यावर प्रकाश पाडायचा, व्हिडिओ काढायचा आणि एआयने बाहुलीचा आकार मोजायचा. कल्पना भारी आहे, पण प्रयोग लहान होता आणि बाहेरचा उजेड अडवायला फोनला खास खोकं जोडलं होतं. प्ले स्टोअरवर 'ब्रेन इंज्युरी चेकर' असं काही दिसलं म्हणून मित्राच्या डोळ्यांत फ्लॅश मारत बसू नका. शिवाय बाहुली मोठी होऊन थांबते तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

## औषधांच्या चाचण्या: 'वाटतं' आणि 'सिद्ध झालं' यात जीव जातात

डोक्याला मार लागला की सूज कमी करायला स्टेरॉइड द्यायचं, ही पद्धत कित्येक वर्षं चालू होती. ऐकायला पटतंही. मग क्रॅश नावाची चाचणी झाली, १०,००८ पेशंटवर. २००४ मध्ये निकाल आला: दोन आठवड्यांत स्टेरॉइड गटात २१.१ टक्के मृत्यू, खोटं औषध दिलेल्या गटात १७.९ टक्के. म्हणजे उपचारानेच जीव जात होते. लहान अभ्यासांतून हे कधीच नक्की कळलं नव्हतं.

पुढे क्रॅश-३ झाली. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्ताची गुठळी टिकवून धरणारं स्वस्त औषध २९ देशांतल्या १७५ हॉस्पिटलांत, १२,७३७ पेशंटवर तपासलं. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला निकाल असा: तीन तासांच्या आत दिलं तर सौम्य आणि मध्यम मार असलेल्यांमध्ये डोक्याच्या माराने होणारे मृत्यू कमी झाले. गंभीर पेशंटमध्ये स्पष्ट फायदा दिसला नाही. आणि जितका उशीर, तितका फायदा कमी. हे औषध डॉक्टरांनीच द्यायचं, मेडिकलमधून आणून नाही. पण निकालातली गोष्ट आपल्या कामाची: जो बोलतोय, चालतोय, त्यालाच लवकर नेण्याचा फायदा जास्त.

मुंबईचा पुरावाही हेच सांगतो. केईएम आणि सायन ही मुंबईची दोन, शिवाय दिल्ली आणि कोलकात्याचं एकेक अशा चार मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत २०१३ पासून अपघाती पेशंटची पद्धतशीर नोंदवही ठेवली गेली. तिचं नाव टिटको, त्यात १६,००० हून जास्त पेशंट आहेत. त्यातले २,५२३ मृत्यू तपासल्यावर दिसलं की निम्म्याहून जास्त टाळता येण्यासारखे होते. जे टाळता येत नव्हते त्यांत मेंदूचा गंभीर मार बराच होता. आणि सुधारणेला जागा कुठे होती? श्वासमार्ग मोकळा ठेवणं आणि रक्तस्राव थांबवणं. म्हणजे महागड्या मशीनच्या आधीच्या साध्या गोष्टी.

## स्ट्रोक: इथे तुमचं चॅट पुरावा ठरू शकतं

स्ट्रोक म्हणजे लकवा किंवा पक्षाघाताचा झटका. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते. डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या एच वॉर्डात, १,५६,८६१ लोकवस्तीत, २००५ आणि २००६ ही दोन वर्षं नोंद ठेवली. पहिल्यांदाच स्ट्रोक झालेले ४५६ पेशंट सापडले, म्हणजे दर लाखामागे वर्षाला सुमारे १४५. त्यातले जवळपास ३० टक्के २८ दिवसांच्या आत गेले. सुमारे ८० टक्के स्ट्रोक रक्तवाहिनी बंद पडल्याने झालेले होते.

बंद पडलेल्या वाहिनीसाठी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते साधारण साडेचार तासांच्या आतच. अमेरिकेतले डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला की मोठी वाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. काही निवडक पेशंटमध्ये तारेने गुठळी काढण्याचा उपाय २४ तासांपर्यंत होऊ शकतो. आणि वाहिनी फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणून आधी सीटी हवाच, आणि घरी ॲस्पिरिनही द्यायची नाही.

हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न येतो: "शेवटचे नीट कधी होते?" झटका कधी लक्षात आला ते नाही, त्याआधी शेवटचं ठीक कधी पाहिलं ते. साडेचार तास तिथून मोजतात. घरात सगळे घाबरलेले असतात, कुणाला आठवत नाही. इथे फोन बघा. बाबांनी शेवटचा व्हॉइस मेसेज कधी पाठवला? शेवटचा कॉल कधी घेतला आणि तेव्हा बोलणं नीट होतं का? ही वेळ डॉक्टरांना दाखवा. 'लास्ट सीन'वर मात्र विसंबू नका, फोन दुसऱ्या कुणाच्या हातात असू शकतो.

ओळखायचं कसं? तोंड वाकडं होणं, एका हातातली किंवा पायातली ताकद जाणं, बोलणं जड होणं, अचानक तोल जाणं किंवा एकदम दिसेनासं होणं. एवढ्यातलं एकही दिसलं तरी निघायचं. दोन मिनिटांत बरं वाटलं तरीही.

## राईहून निघताना: फोनवर काय करायचं?

आमचं राई हे मुर्धा आणि मोर्वा गावांच्या शेजारी, भाईंदर-उत्तन रस्त्यावर. कुठेही जायचं तर आधी भाईंदर पश्चिम गाठावं लागतं. टेंब्याचं सरकारी पंडित भीमसेन जोशी रुग्णालय तिकडेच. मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलला जायचं तर पुढे दहिसर ओलांडायचं. संध्याकाळचा ट्रॅफिक सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आमच्यासारख्या गावात मिनिटं वाचवायची तर ती निघतानाच.

आजच करून ठेवा:

- लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती भरा: रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, दोन नंबर. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या सुरक्षा आणि आणीबाणी विभागात मिळेल, आयफोनमध्ये हेल्थ ॲपमध्ये. मेनूचं नाव कंपनीप्रमाणे थोडं बदलतं.
- घरात कुणी रक्त पातळ करण्याची गोळी घेत असेल तर त्या गोळीच्या पाकिटाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवा. अशा माणसाला डोक्याला साधा मारही धोक्याचा.
- पॉवर बटण पटापट दाबून चालणारं एसओएस सुरू करा आणि एकदा समजून घ्या. अपघात आपोआप ओळखणारं फीचर काही फोनमध्ये आहे, पण ते मुख्यतः कारसाठी बनवलेलं. दुचाकीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

घटना घडली तर:

1. १०८ लावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ ॲम्ब्युलन्सनिशी सुरू झाली. पत्ता नुसता 'राई' सांगू नका. 'भाईंदर पश्चिम, भाईंदर-उत्तन रस्ता, राई गाव' आणि जवळची खूण सांगा.
2. घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. स्वतःलाच मेसेज टाकला तरी चालेल, वेळ आपोआप नोंदली जाते.
3. मान वाकवू नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि अंग एका रेषेत ठेवून कुशीवर करा. शुद्ध पूर्ण नसेल तर पाणी पाजू नका.
4. एकजण पेशंटजवळ, दुसरा फोनवर. हॉस्पिटलला दोनच प्रश्न विचारा: "सीटी आत्ता चालू आहे का?" आणि "न्यूरोसर्जन मिळतील का?" नाही म्हणाले तर तिथे जाऊन पुन्हा निघण्यात जाणारा वेळ वाचेल. पण श्वासच नीट चालत नसेल तर सगळ्यात जवळचं हॉस्पिटल.
5. व्हिडिओ काढायचा असेल तर दहा सेकंदांचा, डॉक्टरांना दाखवायला: झटके कसे आले, बोलणं कसं होतं. ग्रुपवर टाकायला नाही.

अनोळखी माणसाला मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली आहे: यादीतल्या हॉस्पिटलांत ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांपर्यंत.

## वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोकं आपटलं की प्रत्येकाने सीटी काढायचाच का?
नाही. सीटीत रेडिएशन असतं, म्हणून डॉक्टर नियम वापरतात. कॅनडात २००१ मध्ये ३,१२१ पेशंटवरून बनवलेला नियम प्रसिद्ध आहे. दोन तासांनीही शुद्ध पूर्ण न येणं, दोन किंवा जास्त उलट्या, कवटी फुटल्याची शंका, वय ६५ किंवा जास्त अशा गोष्टी दिसल्या तर स्कॅन हवा. निर्णय डॉक्टरांचा, तुमचं काम त्यांच्यापर्यंत पोचण्याचं.

घरी सोडलं, आता काय बघायचं?
पहिले २४ तास कुणीतरी सोबत हवं. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा उलट्या, उठवूनही नीट न उठणं, असंबद्ध बोलणं, फिट, हातापायात अशक्तपणा, नाका-कानातून पाणी किंवा रक्त यातलं काहीही दिसलं तर लगेच परत. डोकेदुखीवर मनाने ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका.

चॅटबॉटचा काहीच उपयोग नाही का?
आहे. रिपोर्टमधले इंग्रजी शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार करायला जरूर वापरा. हॉस्पिटलला जायचं की नाही हे मात्र त्याला विचारू नका.

एआय आलं तर रेडिओलॉजिस्ट लागणार नाही का?
लागणार. सध्याचं एआय ठरावीक गोष्टी शोधतं. यादीत नसलेली गोष्ट समोर आली तरी ते गप्प बसेल.

## थोडक्यात

मशीन आता काही मिनिटांत स्कॅनमधलं रक्त दाखवू शकतं, आणि त्यात मुंबईच्या मुलामुलींचं काम आहे याचा मला अभिमान वाटतो. पण संशोधनाचे सगळे धागे एकाच गोष्टीकडे येतात: उपचार लवकर झाला तर चालतो. स्कॅननंतरची मिनिटं एआय वाचवेल. स्कॅनआधीची तुमच्या हातात आहेत. १०८, वेळेची नोंद, योग्य हॉस्पिटल आणि फिल्मसोबत सीडी, एवढं लक्षात ठेवा. आणि राई ते भाईंदर स्टेशन कितीही जवळ असलं तरी हेल्मेटचा पट्टा लावा!

हा लेख माहितीसाठी आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा.